जोडलेले : दोन

विश्वाच्या मुळाशी लय आहे, हे सत्य मला फार लवकर उमगलं. मला स्वतःला मात्र आजवर एकदाही ठेक्यात टाळी वाजवता आलेली नाही, त्यामुळे घरातल्या लयीची जबाबदारी मुलीकडे होती.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बायकोचा उजवा पाय ऐकत नव्हता. फिजिओबाई म्हणाल्या, ठेक्यावर चालवा. सोमवारी त्या तपासायला येणार होत्या. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतची चौदा पावलं ती एकटी चालली तर घरी, नाहीतर शुश्रूषा केंद्रात. मंगळवारी मुलगी नोकरीवर परतणार, आणि माझ्या भरवशावर कुंडीतलं रोपही जगत नाही. तेव्हा बाईंचं काही चूक नव्हतं.

अडचण पॅसेजची. नवव्या पावलाशी तो वळतो आणि खोलीतला ठेका ऐकू येईनासा होतो. म्हणून मुलीचा लॅपटॉप पलंगापाशी, माझा जुनाट स्वयंपाकघरात. तिचा संगीताचा प्रोग्राम महागडा, माझा फुकटातला. दोन्ही आपापल्या मनाने वाजले असते तर बायकोचा एक पाय इकडे, एक तिकडे. पण ते वाय-फायवरून एकमेकांना लय कळवत. पडद्याच्या कोपऱ्यात ‘जोडलेले : १’ दिसे. म्हणजे आपल्याखेरीज आणखी एक.

“यात मालक कोण?” मी विचारलं.

“कुणीच नाही. जो लय बदलेल, त्याचं बाकीचे ऐकतात.”

“म्हणजे तुझ्या आईने बनवलेलं नाही.”

“ऐकू येतंय मला,” पलंगावरून आवाज आला.

लय मिनिटाला साठ. आठवडाभर बायको वळणावर अडली. भिंत धरून उभी राही, मग आम्ही खुर्ची आणत असू.

गुरुवारी सकाळी वळणाशी ठेका आपोआप मंदावला. बावन्न. तिचं एक पाऊल पडलं, दुसरं पडलं, आणि ठेका हळूच साठावर चढला. ती स्वयंपाकघरात पोचली.

“बाबा, हात लावलास?”

“मी? मला तर ते चालूसुद्धा करता येत नाही.”

मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. ‘जोडलेले : २’.

तिने सगळे फोन बंद केले, वाय-फायचा पासवर्ड बदलला. शुक्रवारी पुन्हा दोन. शनिवारी वाय-फायच काढून टाकलं आणि एका लॅपटॉपपासून दुसऱ्यापर्यंत लांबलचक वायर ओढली. दोन. बायको दमली की ठेका उतरे, सावरली की चढे. लॅपटॉपला काही तिचा पाय दिसत नव्हता. कुणाला तरी दिसत होता.

“काढून टाकते त्याला,” रविवारी मुलगी म्हणाली.

“सोमवारनंतर काढ.”

“बाबा, कोण आहे तेही माहीत नाही.”

“ठेक्यात आहे. तुझ्याआधी आपल्या खानदानात एवढंही कुणाला जमलं नव्हतं.”

सोमवारी फिजिओबाई वही घेऊन बायकोच्या मागे चालत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात. ‘जोडलेले : १’. लय साठ.

आठवं पाऊल वळणाशी पडलं.

नववं उचललंच नाही. तिची बोटं भिंतीवर घट्ट झाली.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

मी पडद्याकडे पाहिलं. एक.

एक.

दोन.

ठेका बावन्नवर उतरला. तिने पाऊल टाकलं.

“केंद्राची गरज नाही,” बाई म्हणाल्या. त्या गेल्यावर मुलगी रडली आणि मी पाणी प्यालो. मग आम्ही आलटून पालटून तेच केलं. लॅपटॉप मिटले, वायर गुंडाळली. सहा महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरात टेकून बसली होती.

“अहो, तो गेला का?”

“कोण?”

“तुम्ही ठेवलेला माणूस. वळणापासून हात धरतो तो. बोलत नाही, पण पाऊल छान जुळवून घेतो.”

मी वाकून पाहिलं. वळणापासून आतपर्यंत तिच्या पावलांशेजारी अनवाणी पायांचे ठसे होते, ओल्या मातीचे. वळणाला दार नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

“त्याला म्हणावं,” ती म्हणाली, “उद्यापासून येताना पाय पुसून ये.”