एक्स्टेंशन चारुताचं

बडा बाजारातल्या चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावरचा तरुण लॅपटॉप दाखवत मित्राला हसत म्हणाला, "बघ, ओटीपी आला नाही की हे काय सांगतं... धीर धरा राव!"

चारुताचा कप ओठांशीच थांबला. ते वाक्य तिचं होतं!

वेबसाइटवर एकदम हजारो खोटी माणसं सोडून तिचा दम बघणारं एक फुकटचं साधन आहे. ओटीपी मागितला की ते बिचारं अडायचं. चारुतानं खपून त्याच्यासाठी एक्स्टेंशन, म्हणजे ओटीपी सांभाळणारा जोड-प्रोग्राम, लिहिलं आणि सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. बक्षीस काय मिळालं? गेल्याच आठवड्यात पुण्याच्या कंपनीनं नोकरी नाकारली. म्हणे, हे काम कुणा केयूरचं, तुम्ही उचललंत. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि शेजारच्या लॅपटॉपच्या पडद्यावर तेच नाव होतं: केयूर.

"सुनिए भैया, तुम्हीच केयूर?"

"हो... पण भैया नको ना."

डोळे छान होते मेल्याचे. त्यामुळे तर ती आणखीच चिडली.

"माझं एक्स्टेंशन वापरता, मग माझं नाव कुठे गेलं?"

केयूर नागपूरचा, इथल्या सरकारी कंपनीत इंजिनियर. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला. तिचं काम आपल्या प्रोजेक्टमध्ये घेताना त्यानं सगळे बदल एकत्र बांधून एकदम चढवले होते. तिचं नाव गळालं, चढवणाऱ्याचं तेवढं राहिलं.

"मुद्दाम नाही हो केलं..."

"आणि शाबासकी मिळाली तेव्हा? तेव्हा गप मुद्दामच बसलात ना!"



पण तो नुसता खजील होऊन बसला नाही. प्रोजेक्टच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी त्यानं चूक कबूल केली, तिथे तिचं नाव लावलं, साहेबांची बोलणी खाल्ली, पुण्याला स्वतः फोन केला. कंपनीनं चारुताला पुन्हा बोलावलं. त्या संध्याकाळी दोघं लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याकाठी भेटले. वाऱ्यानं तिची ओढणी सारखी त्याच्या हातावर येत होती, आणि तो हात हलवत नव्हता.

"आता तरी राग गेला?"

"बिलकुल नाही! माझंच मला परत दिलंत, उपकार नाही केले."

"मान्य. पण तुम्ही पुण्याला गेलात की मला... म्हणजे... कळतंय ना?"

"कळतंय. पण म्हणणार नाही!" ती फणकारली. "एवढंही मीच करू आणि नाव तुमचं लागू देऊ?"

तो आधी लाल झाला, मग हसला.

"तू मला आवडतेस, चारुता. फार."

तिनं त्याचा हात धरला, चांगला घट्ट.

"जाणार तर आहेच मी. पण रोज फोन करायचा. अजून पुष्कळ रागवायचं बाकी आहे माझं."