फुलाफुलांचा फ्रेंच ड्रेस

तान्ह्या बाळाला नवं कापड टोचतं, वापरून मऊ झालेलंच हवं, असं पद्मिनीला आईने फोनवर दहादा बजावलं होतं. पण आईचा व्हिसा अडकला, आणि तिची जुनी पातळं जपानमधल्या फुनाबोरीत कुठून मिळणार? अडल्या वेळी भीड कसली! तिने मोडक्यातोडक्या जपानीत शेजारच्या कावागुचीबाईंकडे एखादा जुना सुती कपडा मागितला.

बाईंनी जरा विचार करून एक ड्रेस आणून दिला. फ्रेंच कंपनीचा, बारीक जांभळ्या फुलांचा, हाताला सायीसारखा. “तुम्हाला शोभेल,” त्या म्हणाल्या. पद्मिनीने त्याच दुपारी कात्री चालवली. छान दुपटं झालं. दोन महिन्यांचा ओजस त्यात गाढ झोपला.

आठवड्याने बाई जिन्यात भेटल्या. “माझ्या लेकीचा, मायुमीचा होता तो. ती नदीत बुडून गेली तेव्हा पोटुशी होती. एकदा तुमच्या अंगावर बघायचाय मला.”

कापला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? “घालेन हं,” पद्मिनी म्हणाली. तेव्हाच खरं बोलली असती तर!

मग एका सकाळी बाई डोळे पुसतच दारात आल्या. “काल नदीच्या बांधावर पाहिलं तुम्हाला. पाठमोऱ्या होतात. थेट मायुमीच!”

काल पद्मिनी घराबाहेर पडलीच नव्हती. पण बाईंचा चेहरा इतका निवला होता, की तिच्याने राहवलं नाही. “हो, मीच होते.”

त्या दिवसापासून दुपटं वाळेना. कितीही उन्हात घातलं तरी नदीचा वास यायचा. ओजस मात्र त्याच्यावाचून झोपत नसे. आईच्या खांद्यापलीकडे बघून हसायचा. टाकून द्यावं तर मायुमीची तेवढीच आठवण, तीही आपणच कापलेली. पद्मिनीला फार वाईट वाटे.

शेवटी तिने ठरवलं, आज बाईंना सगळं सांगायचं, माफी मागायची. उन्हं कलली होती. ओजसला निजवून ती कुकर लावायला वळली.

मोबाइल वाजला. नवऱ्याचा, जगदीशचा मेल. तो ऑफिसातून परतत होता.

“गाडी पुलावर आहे. दिसलात दोघं बांधावर. फुलांचा ड्रेस मस्त! ओजसला टोपी घाल, वारं आहे.”

ती खोलीत धावली. जाताना पाहिलं, बाहेरच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

गादीवर कुणी नव्हतं.

तिने हात टेकवला.

गादी अजून कोमट होती.