दोन हिसके

सुटीच्या दुपारी कोणी कामावर जात नाही. तो गेला, आणि तेही भर उन्हाळ्यात फुगीर जाकीट घालून, पाठीवर तंबू आणि खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन. शीतगृहाच्या वॉचमनकाकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"लग्नाला निघालात की काय?"

"काका, गोठवणीची खोली जरा वेळ उघडून द्या. आत तंबू लावून बसायचंय."

इथली यंत्रं तोच सांभाळायचा, तेव्हा काकांना नाही म्हणता येईना. शिवाय त्याची कर्मकहाणी सगळ्यांना ठाऊक होती. गेल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ एका बर्फाच्या शिखरावर गेला, तो परतलाच नाही. सोबतचे खाली आले, धाकटा वरच राहिला. तेव्हापासून आई दाराला कडी लावू देत नव्हती. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि तिचं एकच मागणं होतं, "जसा असेल तसा आण. एकदा बघू दे."

पुढच्या आठवड्यात एक तुकडी त्याच शिखरावर निघणार होती. हा आपला रविवारी टेकड्या चढणारा हौशी गडी. तुकडीचा म्होरक्या पेशाने दातांचा डॉक्टर, बोलणंही तसंच उपटून हातात देणारं. "जाड हातमोजे घालून, थंडीत, कमरेची गाठ मारता आली तर चल. नाहीतर तुला शोधायला आणखी एक तुकडी काढावी लागेल."

आणि ती मेली गाठ काही केल्या जमत नव्हती.

काकांनी अट घातली. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं दाराखालच्या रबरी पट्टीतून बाहेर त्यांच्या हातात. "मी अधूनमधून ओढेन. तुम्ही एकदा ओढून उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं की मी दार उघडलंच समजा."

दार लागलं. आत गोठलेल्या वाटाण्याच्या खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत गेलेल्या, आणि पंख्यांची एकसुरी घरघर. त्याने थप्प्यांमधल्या मोकळ्या जागेत धाकट्याचा जुना तंबू उभा केला आणि आत जाऊन बसला. कमरेची गाठ शिकायची तर कमरेचा दोर सोडावाच लागणार. त्याने तो सोडला.

मग सुरू झाली झटापट. टोक वळवायचं, फिरवायचं, पुन्हा ओवायचं. जाड बोटांतून ते दर वेळी निसटायचं. वैतागून त्याने हातमोजे काढले, तर उघडी बोटंही लाकडासारखी झालेली. "आई, मला नाही गं जमत," असं तो मोठ्याने म्हणाला आणि लहान मुलासारखा रडू लागला. रडता रडता डोळे जड झाले.

जाग आली ती वासाने. गुडघ्यांना चोळायच्या मलमाचा वास. धाकटा चढाईआधी थापायचा तेच मलम. पंख्यांची घरघर थांबली होती. मांडीवरचा दोर जागेवर नव्हता. बाहेर मात्र काहीतरी फरशीवर घासत होतं... थांबत होतं... पुन्हा घासत होतं.

त्याने डोक्यावरचा दिवा लावला आणि बाहेर आला. दोर दाराकडून येऊन तंबूला वळसा घालून मागच्या थप्प्यांआड गेला होता. त्याच्या डोळ्यांदेखत तो ताणला गेला. दोन हिसके. मग सैल.

थप्पीआड कोणी नव्हतं. दोराचं टोक भिंतीतल्या नळीला बांधलेलं होतं. सुबक, घट्ट गाठ, आणि तिचं शेपूट डावीकडे. धाकटा डावखुरा होता. अशी उलटी गाठ त्याच्याशिवाय कोणी मारत नसे.

"तू... तू आहेस?"

दोर त्याच्या पायाशी पुन्हा दोनदा हिसकला.

लहानपणी दोघं पाण्याच्या टाकीवर चढायचे, तेव्हाची खूण होती ती. वर गेलेल्याने एकदा लांब ओढलं तर ये. दोन हिसके म्हणजे थांब, वर येऊ नकोस.

तेवढ्यात, बराच वेळ झाला म्हणून काकांनी दार उघडलं. तो धडपडत बाहेर आला आणि जमिनीवर बसला. काकांनी दार लोटून त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

"अहो, एकदा ओढायचं ठरलं होतं ना? दर वेळी दोन हिसके! पण उत्तर येतंय म्हणून मी गप्प राहिलो."

"मी... मी नव्हतो ओढत, काका."

काकांनी हातातला दोर हळूच खाली ठेवला.

नाही जायचं. त्याने मनाशी ठरवलंही. धाकटा स्वतः नको म्हणतोय, यापुढे काय बोलणार? इतक्यात खिशातला फोन वाजला. आईचा आवाज नीट ऐकूच येत नव्हता, नुसता श्वास आणि मध्ये मध्ये शब्द. "दार उघडंच ठेवलंय रे... आणशील ना त्याला?"

त्याच्या काळजाचं पाणी पाणी झालं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच. "आणतो, आई. शपथ घेतो. आणतोच."

बंद दाराखालून बाहेर आलेला दोर ताठ झाला. एक लांब, सावकाश ओढ.

"आत कोणी राहिलंय का?" काकांनी कुजबुजत विचारलं.

पण त्याचा चेहरा उजळला होता. "ये म्हणाला, काका! तो ये म्हणाला!" रडत, हसत तो दोर भराभर बाहेर ओढू लागला. आतून कोणी सोडल्यासारखा दोर सहज आला. शेवटी पांढरं हिव धरलेलं टोक आलं. त्याला आता एक फास होता, नव्याने बांधलेला.

त्याने गाठ दिव्याखाली धरली. शेपूट उजवीकडे होतं.

काकांनी त्याचा दंड धरला, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने फास डोक्यावरून खाली घेतला. तो कमरेवर बरोब्बर बसला, मापून शिवल्यासारखा.

"बघा काका," तो म्हणाला, "जमली गाठ."