लेसरबद्दलचे एकतीस प्रश्न

"ही सीट रिकामी आहे का?"

खिडकीशी बसलेल्या तरुणानं मायाकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटवर ठेवलेल्या करड्या पेटीकडे. पेटीला त्यानं स्वतःचा मफलर गुंडाळला होता.

"नाही हो... तिकीट काढलंय हिचं."

"पेटीचं? फुल तिकीट?"

"फुल. स्वारगेटपासून सांगलीपर्यंत."

सातारा स्टँडवरून यष्टी हलली, तशी माया त्याच सीटचा दांडा धरून उभी राहिली. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची ती दिवाळी. सकाळची थंडी खिडक्यांच्या फटींतून आत शिरत होती आणि गाडी माणसांनी गच्च भरली होती. दोन मिनिटं गेली. मग तो उठला.

"तुम्ही बसा. मी उभा राहतो. फक्त... हिला नीट धरून बसाल? सोडली तर सीटवरून घसरते ती."

"आहे काय पण हिच्यात?"

"लेसर. दातांच्या डॉक्टरांसाठी."

माया एकदम सावरून बसली. ती स्वतः दातांची डॉक्टर होती. साताऱ्यातच पोवई नाक्यावर, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचा दोन वर्षांचा दवाखाना होता, आणि आज ती निघाली होती ती याच पेटीसाठी. सांगलीला दंतवैद्यांची सभा होती आणि दुपारी लेसरचं प्रात्यक्षिक. तिनं पेटी घट्ट धरली.

"एवढंसंच? मला वाटलं होतं कपाटाएवढं असेल."

"आधीची तशीच होती. हे नवं आहे."

"उजेड कुठल्या रंगाचा असतो याचा? भाजतं का? आवाज होतो?"

तो हसला. "आवाज नाही. उजेड डोळ्यांना दिसतच नाही. लाल ठिपका दिसतो, पण तो नुसता वाटाड्या. खरं काम न दिसणारा करतो."

त्याचं नाव प्रबुद्ध. गाव कवठे महांकाळ, वडील तिथेच शाळेत मास्तर. हा पुण्याच्या एका कंपनीत इंजिनिअर. साहेबांच्या मोटारीत साहेबांचे पाहुणे बसले होते, म्हणून मशीन आणि हा यष्टीनं.

आष्ट्याच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. मग दोघं सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये शिरली. मागच्या बाकावर सात माणसं, एक बकरी आणि पेटी. पेटी अर्धी तिच्या मांडीवर, अर्धी त्याच्या. खड्डा आला की दोघांचे हात एकाच वेळी पेटीवर पडायचे आणि एकाच वेळी मागे यायचे...

"बाई, तुमचं बाळ लय जड दिसतंय," समोरची म्हातारी म्हणाली.

"आमचं नाही," दोघं एकदम बोलली. म्हातारी बकरीकडे बघून गालात हसली.

सांगलीच्या सभागृहात बोकडाचा जबडा टेबलावर मांडला होता. प्रबुद्धच्या हातात केसाएवढी बारीक काचेची तार होती. तिचं टोक हिरडीवर फिरलं, पातळ धूर निघाला, आणि हिरडी लोण्यासारखी कापली गेली. शंभर डॉक्टरांच्या माना पुढे झाल्या. साहेबांनी माईक ओढून घेतला.

"दोन वर्षं! दोन वर्षांत आपलं ते घूं घूं करणारं ड्रिल अडगळीत जाणार. गावोगावच्या दवाखान्यात लेसर असेल!"

टाळ्या पडल्या. मायाला तिचे पेशंट आठवले. ड्रिलचा आवाज ऐकून खुर्चीतून पळालेली माणसं. हे खरं असेल तर... पण खरं आहे का? ती उभी राहिली.

"याने दाताची कीड कोरता येते?"

साहेब हसले. "मॅडम, विज्ञान कुठल्या कुठे चाललंय—"

"पण या मशीनने?"

साहेबांनी प्रबुद्धकडे पाहिलं. त्या नजरेत 'सांभाळून घे' असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रबुद्धनं चष्मा काढला.

"नाही. हे हिरडी, ओठ, जीभ अशा मऊ भागासाठी आहे. दात कोरायचं लेसर वेगळं असतं. ते परदेशात नुकतंच आलंय. आपल्या रोजच्या दवाखान्यात यायला दहा वर्षं लागतील... कदाचित जास्त."

सभागृहात कुजबुज झाली. संध्याकाळपर्यंत एकाही डॉक्टरनं मशीन मागवलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर भडंगाची पुडी मध्ये ठेवून दोघं उभी होती. माया पुडीतले चुरमुरे नुसतेच चिवडत होती.

"माझ्यामुळे झालं ना हे?"

"तुम्ही विचारलं म्हणून मी बोललो. नसतं विचारलं तर गप्प बसलो असतो. त्याचीच मला जास्त लाज वाटली असती."

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, मंगळवारी पुण्यात भेट." त्यानं भडंगातला शेंगदाणा वेचला. "ते जाऊ दे. तुमच्याकडे आहे का कोणी, ज्याला याचा खरंच उपयोग होईल?"

होता. म्हसवडचे नाथाजी. पन्नाशी उलटलेले, सिद्धनाथाच्या यात्रेत रथापुढे तुतारी फुंकणारे. त्यांच्या खालच्या ओठाला आतून हरभऱ्याएवढी गाठ आली होती. तुतारी ओठाला लावली की गाठ दबायची, रक्त यायचं. मायानं ती काढू म्हटलं, तर त्यांनी हातच जोडले होते. रथ तीन आठवड्यांवर आला होता. टाका घातलेला ओठ तोवर तुतारीचा दाब सोसेल का, याची हमी ती देऊ शकत नव्हती.

"लेसरनं काढली तर टाका लागत नाही ना? रक्त किती येतं? जखम कधी भरते?"

"बहुतेक टाका लागत नाही. जखम दोन-अडीच आठवड्यांत भरते. पण हात तुमचा हवा, मी डॉक्टर नाही."

"मग शिकवा."

सभागृह रिकामं झालं तरी ती जबड्यापुढे बसून होती. तार किती अंतरावर धरायची, पायाची कळ कधी सोडायची... चुकली की तो "पुन्हा" एवढंच म्हणायचा, आणि जमलं की नुसता बघत राहायचा. तेव्हा मात्र तिचा हात चुकायचा. प्रबुद्धनं साहेबांना फोन करून सोमवारी साताऱ्यात प्रात्यक्षिक करायची परवानगी काढली.

सोमवारी नाथाजी दवाखान्यात आले. पेटीकडे बघून दारातच थांबले.

"आवं डाक्टरीणबाई, ह्यो दिवा लावून ओठ जाळनार व्हय माजा?"

"जाळणार नाही, नाथाजी. गाठ तेवढी काढणार."

"आन् तुतारी?"

मायाला खोटा धीर देता आला असता. पण कालच कुणीतरी तिच्यासमोर खरं बोललं होतं.

"वाजेल असं मला वाटतंय. पण जखम भरलेली मी बघेन, आणि मगच तुतारी ओठाला लावायची. कबूल?"

नाथाजींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "आमच्या घरातली पाचवी पिढी हाय मी, बाई. तुमच्यावर हवाला हाय." ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

तिघांनी काळपट हिरवे चष्मे लावले. भूल दिली, ओठ बधिर झाला. लाल ठिपका गाठीवर येऊन थरथरला.

"सावकाश," तिच्या खांद्यामागून प्रबुद्ध हळूच म्हणाला. "घाई कुणालाच नाही."

ठिपका स्थिर झाला. चार मिनिटं लागली. गाठ सुटून चिमट्यात आली. रक्ताचा एक थेंबही आला नाही. मायानं गाठ तपासणीसाठी बाटलीत टाकली, चष्मा वर सरकवला आणि मागे वळून पाहिलं. प्रबुद्ध मशीनकडे पाहतच नव्हता.

"झालं?" नाथाजींनी बधिर ओठांनी विचारलं. "ह्येच्यापरीस डास चावल्याला लय दुखतो की!"

संध्याकाळी पेटीसकट तो पुण्याला गेला. पत्ता दिला नाही, घेतला नाही. आठवडाभरानं गाठीचा रिपोर्ट आला, साधीच होती. ते त्याला कळवावं असं तिला फार वाटलं. कंपनीत फोन केला, तर कळलं, "ते आता विक्री विभागात नाहीत." मायानं रिसीव्हर ठेवला. लेसर दहा वर्षांनी येईल की वीस, याबद्दलची तिची उत्सुकता जागच्या जागी होती. पण तिच्यापुढे आता दुसरीच उत्सुकता येऊन बसली होती, आणि तिचं उत्तर कुठल्याच सभागृहात मिळणार नव्हतं.

रथाच्या आदल्या आठवड्यात जखम भरलेली पाहून तिनं नाथाजींना परवानगी दिली, आणि रथाच्या दिवशी स्वतः म्हसवडला गेली. गुलालानं अख्खा रस्ता लाल झाला होता. गर्दीतून नाथाजी पुढे आले. त्यांनी तुतारी उचलली, ओठाला लावली... आणि क्षणभर थांबले. मग जो आवाज उठला तो घरांच्या पत्र्यांवरून, माणसांच्या डोक्यांवरून थेट पलीकडच्या माळापर्यंत गेला. रथाचे दोर ताणले गेले.

"वाजली," कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं.

प्रबुद्ध होता. केसांत गुलाल, खांद्याला शबनम, आणि हात रिकामे.

"तुम्ही! इथं कसे? नोकरी गेली का? पेटी कुठाय? मी फोन केला होता—"

"केला होता?" त्याच्या चेहऱ्यावर गुलालाहून वेगळा लाल रंग चढला. गर्दीतून तो तिला एका भिंतीच्या आडोशाला घेऊन गेला. "मॅडम, मी मोजलेत. लेसरबद्दल तुम्ही एकतीस प्रश्न विचारलेत. माझ्याबद्दल विचारलेले हे पहिलेच."

"मग उत्तरं द्या ना."

"नोकरी गेली नाही. विक्रीतून काढून दुरुस्तीला टाकलं. सातारा, सांगली, सोलापूर. दवाखान्यांतल्या खुर्च्या नीट करत फिरायचं." तो थांबला. "साहेबांना वाटलं, शिक्षा केली. पण सातारा माझ्या वाट्याला यावा म्हणून मी... म्हणजे... मला तुम्ही आवडता, माया. हे मला यष्टीतच कळलं होतं. बोलायला तीन आठवडे लागले."

पुन्हा तुतारी वाजली. ती संपेपर्यंत माया ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"तुमची खुर्ची बिघडलीय का?" त्यानं घाबरत विचारलं.

"नाही. चांगली चालते."

"अच्छा..."

"पण येत्या रविवारी बिघडेल."

"रविवारी दवाखाना बंद असतो ना? खुर्ची घरी असते?"

"घरी खुर्ची नसते," माया म्हणाली, आणि आता मात्र तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "घरी आई-बाबा असतात."