खोली चौदा, किती?

आमच्या वरळीच्या बीडीडी चाळीची सहल दरवर्षी जुन्नरला जायची. सकाळी नाणेघाट, दुपारी मानमोडीची लेणी, संध्याकाळी तिथूनच परत. बस सुटताना धनेशदादा एकेक खोली पुकारायचा आणि त्या घरातल्या एकानं आपली माणसं मोजून आकडा सांगायचा. आमच्या घरचं हे काम माझ्याकडे. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी दिवसभर पेशी मोजते, माझा आकडा चुकेल कसा?

सात वर्षांपूर्वी मी न बघताच "चार" म्हणाले. मागच्या सीटवर सम्यकचं जर्किन दिसलं, मला वाटलं तोच झोपलाय. माझा धाकटा भाऊ लेण्यातच राहिला होता. फोन, पाकीट, सगळं त्या जर्किनमध्ये. माळशेजच्या रस्त्यावर एका गुराख्यानं त्याला मुंबईच्या दिशेनं चालत जाताना पाहिलं. त्यानंतर कुणीच नाही. आई त्याची वाट बघत बघत गेली. बाबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आम्ही पुन्हा सहलीला गेलो नाही. यंदा आमची चाळ पाडली, आम्ही टॉवरमध्ये राहायला आलो. "त्याला नवा पत्ता कोण सांगणार?" बाबा एवढंच म्हणाले आणि धनेशदादाकडे आमची नावं देऊन आले.

लेण्यात गारवा होता, वटवाघळांचा उग्र वास होता. बाबांनी चपला बाहेर काढल्या, स्तूपापुढे वाकले, मग कोपऱ्यातल्या अंधाराकडे तोंड करून म्हणाले, "सम्या, खोली गेली रे आपली. बी विंग. तेविसावा मजला."

"तेविसावा मजला," आतून आलं.

प्रतिध्वनी, दुसरं काय! पण आम्ही पायऱ्या उतरायला लागलो तरी ते थांबेना. शाळेतलं पोर पाढा घोकतं तसं चाललं होतं. बी विंग, बी विंग, तेविसावा. मला भीती वाटली. मी बाबांचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी धनेशदादा बसमध्ये उभा राहिला. चाळ नसली तरी त्यानं जुनेच नंबर पुकारले.

"खोली चौदा, किती?"

या वेळी मी उठून बघितलं. मागच्या सीटवर हात फिरवला. रिकामी होती.

"दोन."

बस हलली तशी मागच्या पत्र्यावर कुणीतरी दोनदा थाप मारली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. धनेशदादा उतरून बघून आला.

"कोण नाय. चल रे."

बाबा खिडकीला डोकं टेकून रडत होते. "पोरी, परत त्याला मागं ठेवलंस."

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. इंटरकॉम वाजला. खालून वॉचमन राजाराम बोलत होता.

"ताई, एक जण आलाय. चालत आलो बोलतो. पाय पार सोललेत. विंग, मजला, सगळं बरोबर सांगतो."

"नाव काय?"

"नाव नाय सांगत. बोलतो, वर विचारा, घरात किती जण आहेत."

बाबांनी जाऊन दार उघडलं आणि लिफ्टकडे बघत उभे राहिले.

"ताई," राजाराम म्हणाला, "किती सांगू?"