घरी जाणारी मोटर

वेळ दुपारी चारची. जागा, रेल्वे प्रशिक्षण केंद्रातला नमुन्यांचा हॉल. खिडक्या सताड उघड्या, बाहेर लख्ख ऊन आणि आत तीन शुद्धीवरची माणसं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. अंधारात भास झाला असेल, असं म्हणून हात झटकायची सोय कुणाला उरू नये.

त्या हॉलमध्ये कमरेइतक्या उंच ओट्यावर रूळ मांडलेले होते. त्यावरून धावणारं नमुन्याचं इंजिन म्हणजे पोराटोरांचं खेळणं नव्हतं. उचलायला दोन माणसं लागत. नवे ड्रायव्हर त्यावर सिग्नल शिकायचे. आता मात्र त्या इंजिनाला वेगळंच काम लावलं होतं.

गेल्या पावसाळ्यात एक पॅसेंजर गाडी धो धो पावसात लाल सिग्नल ओलांडून उभ्या मालगाडीवर आदळली. प्रवासी वाचले, ड्रायव्हर गेला. चौकशी झाली आणि चौकशीच्या साहेबांनी चार शब्दांत निकाल लावून टाकला. ड्रायव्हर गाडीवर झोपला होता. मेलेल्या माणसाची चौकशी करण्यात हीच तर मोठी सोय असते. तो उलटून बोलत नाही. आता वरिष्ठांसमोर नमुन्याचं इंजिन लाल सिग्नलमधून पळवून दाखवायचं आणि फाइल बंद करायची, एवढंच उरलं होतं. पण तालीम करता करता इंजिनाची मोटर जळाली. उद्या सकाळी प्रात्यक्षिक, आणि इंजिन ठप्प.

मोटर बदलायला ज्याला बोलावलं, तो त्या ड्रायव्हरचा धाकटा भाऊ. साहेबांना हे ठाऊक नव्हतं. जळलेल्या मोटरींत नवी तार भरून देणारा एवढीच त्याची ओळख त्यांना होती.

धाकटा काम सोडूनच देणार होता. वहिनीनेच त्याला अडवलं.

"भावजी, तुम्ही नाही म्हटलंत तर ते दुसरा माणूस आणतील. तुम्ही आत गेलात तर निदान बघाल तरी, काय शिजतंय ते."

"माझ्याच हातानं दादाला झोपलेला ठरवू म्हणता?"

"गजर व्हायच्या आधी उठून गजर बंद करणारा माणूस तो. झोपला म्हणे!" वहिनी हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आपल्या धाकट्या पोरीला शाळेत पेंगूबाई म्हणतात, भावजी. बापावरून."

मग धाकटा कामाला लागला. नमुने बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, तेव्हा तसली मोटर नवीन मिळणं शक्यच नव्हतं. ड्रिलची मोटर लावली तर इंजिन उधळून रुळावरून उडेल. पंख्याची लावली तर एवढं धूड जागचं हलणार नाही. हवी होती संथ फिरणारी, पण रेड्यासारखी ओढणारी. या धंद्यातले लोक अशा वेळी सरळ भंगारात जातात आणि काचेवरच्या वायपरची मोटर शोधतात. तिला एक खोड मात्र असते. बटण बंद केलं तरी ती लगेच थांबत नाही. वायपरची दांडी काचेच्या कडेला, आपल्या जागेवर नेऊन ठेवते आणि मगच थांबते. त्यासाठी तिला वेगळी तार असते. कारागीर म्हणतात, मोटर घरी जाते.

भंगारवाल्याने ट्रकच्या, बसच्या मोटरी दाखवल्या. एकही इंजिनाच्या पोटात बसेना.

"मग ही बघ उस्ताद," तो म्हणाला आणि पोत्याखालून एक मोटर काढली. "खऱ्या रेल्वे इंजिनाची आहे. कुठून आली ते विचारू नकोस. मीही विचारलं नाही."

धाकट्याने ती उलटीपालटी केली. माप बरोबर होतं. पण वायपर हलवणाऱ्या तिच्या दांड्याला काहीतरी बांधलेलं होतं. तेलाने काळी पडलेली कापडाची नाडी. त्याने अंगठ्याने घासून पाहिली. खालून हिरवे पट्टे निघाले.

तो हिशेब न करता खिशातलं सगळं भंगारवाल्याच्या हातावर ठेवून निघाला.

वहिनीने नाडी पाहिली आणि फळीवरून डब्याची पिशवी काढून शेजारी धरली. हिरव्या पट्ट्यांच्या जुन्या पडद्यातून तिनेच ती नाडीसकट शिवली होती. पिशवी बिननाडीची परत आली होती, नवऱ्याच्या सामानाबरोबर.

"ही इथे कशाला बांधली त्यांनी?"

"वायपर बंद पडला असणार, वहिनी." धाकट्याने मोटर तिच्यासमोर उलटी धरली. "मोटर जळालीये. आतली तार सगळी करपलीये. काच पुसायला दादा खिडकीतून हात बाहेर काढून हाताने नाडी ओढत होता... भर पावसात."

"झोपलेला माणूस नाडी ओढत नाही," वहिनी म्हणाली. तिने डोळे पुसले आणि चपला पायात सरकवल्या.

म्हणून त्या दुपारी हॉलमध्ये तीन माणसं होती.

साहेबांनी मोटरीकडे पाहिलं, नाडीकडे पाहिलं आणि चष्मा पुसला.

"अपघातातलं इंजिन शेडमध्ये सीलबंद आहे. त्याचा स्क्रूसुद्धा हललेला नाही. भंगारातल्या वस्तूला पुरावा म्हणत नाहीत, बाई. आणि आपण कोण?"

"मी झोपलेल्या माणसाची बायको."

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. क्षणभरच. मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "अच्छा, म्हणजे तुम्हीही त्यातलेच. मोटर बसवताय, का दुसरा माणूस बोलावू?"

धाकट्याने वहिनीकडे पाहिलं. "बसवतो साहेब. हीच बसवतो."

त्याच्या मनात एवढंच होतं. मेलेली मोटर आत घालायची, झाकण लावायचं आणि हात झटकून निघायचं. सकाळी इंजिन जागचं हलणार नाही, वरिष्ठांसमोर साहेबांची फजिती होईल, तारीख पुढे जाईल. तेवढ्या दिवसांत कुणीतरी ही नाडी बघेल. त्याने मोटर आवळली. तारा नुसत्या दडवून वर चिकटपट्टी लावली, एकही जोडली नाही. नाडी तेवढी वहिनीने सोडू दिली नाही. तिचं टोक ड्रायव्हरच्या चिमुकल्या खिडकीतून बाहेर लोंबत राहिलं.

"चालवून दाखवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

काही झालं नाही. धाकट्याने मनातल्या मनात हुश्श केलं.

मग आतून आवाज आला. घर्र... खट. घर्र... खट.

इंजिन चालू लागलं.

चिकटपट्टीखालच्या तारा त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. घर्र... खट. इंजिनाने वळण घेतलं. वहिनीने त्याची बाही घट्ट धरली.

"भावजी... नाडी..."

नाडी ताणली जात होती, सैल पडत होती. पुन्हा ताणली जात होती. ती लय वाऱ्याची नव्हती. कुणीतरी ओढत होतं. खिडकीची काच खेळातल्या पत्त्याएवढी, ती धुक्याने पांढरी झाली होती. नाडी ताणली की काचेवर बोटभर पट्टा स्वच्छ व्हायचा आणि लगेच पुन्हा पांढरा पडायचा. हॉलमध्ये ओल्या लोखंडाचा वास भरला. बाहेर ऊन तसंच होतं.

"बास!" साहेबांनी बटण बंद केलं. इंजिन चालतच राहिलं. "अहो, हे थांबत का नाही?"

"वायपरची मोटर आहे, साहेब," सवयीने धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. "बटण बंद केलं तरी घरी जाते."

आणि मग त्याला आठवलं, घरी नेणारी तारही आपण जोडलेली नाही.

लाल सिग्नल जवळ आला. नाडी आता भराभर हिसकत होती, हात दुखेपर्यंत कुणी ओढावी तशी. अगदी जवळ आल्यावर काच एकदाची स्वच्छ झाली. त्याच क्षणी सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम आवळले गेले. कर्कश किंकाळी फुटली, रुळावर ठिणग्या उडाल्या... पण अंतर उरलं नव्हतं. इंजिन घसरत सिग्नलखालून गेलं आणि पुढे उभ्या असलेल्या मालगाडीच्या नमुन्यावर आदळलं.



"त्याने ब्रेक लावला होता," वहिनी हलक्या आवाजात म्हणाली. "बघितलंत ना, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मी काही बघितलं नाही," ते म्हणाले.

धाकट्याने झाकण उघडलं. तारा चिकटपट्टीखाली तशाच सुट्या होत्या. मोटरीतलं तांबं कोळशासारखं काळं. नाडी मात्र चिंब ओली. साहेबांनी मोटर ताब्यात मागितली. देण्याआधी वहिनीने हत्यारांच्या पिशवीतली कात्री घेतली आणि नाडी कापून पदरात बांधली.

प्रात्यक्षिक रद्द झालं. निष्कर्ष मात्र रद्द झाला नाही. अहवाल प्रसिद्ध झाला, त्यात ड्रायव्हर झोपलेलाच आहे. इंजिन सीलबंद असल्याचंही त्यात लिहिलं आहे. सीलबंद इंजिनाची मोटर भंगारवाल्याच्या पोत्याखाली कशी आली, हे धाकट्याने लेखी विचारलं. उत्तर नाही. शेड उघडून दाखवा म्हटलं. त्यालाही नाही.

नाडी वहिनीने घरात दाराशेजारच्या खुंटीवर लावली आहे, डब्याची पिशवी पूर्वी अडकवायची तिथेच. हिवाळा सरून उन्हाळा लागलाय, भिंती तापल्यात, दोरीवरचे कपडे कडकडीत वाळतात. नाडी वाळत नाही. टपकते. वहिनीने खाली वाटी ठेवली आहे. ड्यूटी संपवून नवरा घरी यायचा त्या वेळेला वाटी भरते आणि रिकामी केली की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा भरते. धाकट्याने ती नाडी दोनदा पिळून उन्हात घातली. दोन्ही वेळा संध्याकाळी ती खुंटीवर होती. तिला तिथे कुणी नेऊन लावलं, हे त्या घरातल्या कुणालाही सांगता आलेलं नाही.