बिनचष्म्याचा नायक

पहिल्याच तालमीत नायक रंगमंचावरून पडला, आणि पडला तो थेट तिच्या पायपेटीवर.

रंगमंच तसा बुटकाच होता. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, त्यात एक लाकडी चौथरा, आणि चौथऱ्याच्या खाली कडेला वादकांची जागा. नायक गात गात पुढे आला, ‘प्रिये’ म्हणून त्याने हात पसरले, आणखी एक पाऊल टाकलं... आणि दोन्ही हात पेटीच्या पट्ट्यांवर टेकून कसाबसा उभा राहिला. एकदम सगळे सूर किंचाळले.

“लागलं का?” तिने विचारलं.

“मला नाही. पेटीला?”

“पेटीला सवय आहे.”

“पडणाऱ्यांची?”

“बेसुरांची.”

तो मनापासून हसला. पण हसताना तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता कानाच्या जरा पलीकडे बघत होता, डोळे बारीक करून. ती दिवसभर वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. असं बघणं तिला चांगलंच ओळखू यायचं.

“नंबर किती तुमचा?”

“हळू बोला हो,” तो खाली वाकून म्हणाला. “मायनस पाच.”

“आणि चष्मा?”

“खिशात. बाई म्हणाल्या, राजपुत्राला चष्मा नसतो.”

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका आणि नाट्यमंडळाच्या दिग्दर्शिका. कधीकाळी घरोघरी ज्याची पदं गुणगुणली जात, ते संगीत नाटक एकदा तरी करायचंच, असं त्यांनी कित्येक वर्षं मनात धरलं होतं. अडलं होतं ते नायकावाचून. मंडळात गळा असलेल्यांची पोटं सुटलेली आणि बांधा असलेल्यांना गळा नाही. मग एक दिवस बाईंच्या कुत्र्याला इंजेक्शन द्यायला जनावरांचा डॉक्टर आला. कुत्रं बिचकू नये म्हणून तो गात होता. कुत्रं शांत झालं, बाई मात्र जागच्या उठल्या. पुढच्या आठवड्यात डॉक्टर राजपुत्र झाला होता.

गळा होता, उंची होती. नव्हती फक्त नजर. चष्मा काढला की त्याला समोरची माणसं नुसती रंगांचे ठिपके दिसत. त्यामुळे प्रेमाचं पद सुरू झालं की नायिका उभी असायची उजवीकडे, आणि याची मान वळायची डावीकडे, खाली, पेटीच्या दिशेने.

“अरे, नायिका इकडे आहे!” बाई ओरडायच्या. “पेटीला काय मागणी घालतोयस?”

“सूर तिकडून येतात, बाई,” तो निरागसपणे सांगायचा.

सगळे खो खो हसायचे. नायिकाही हसायची. ती तरुण वकील होती, मंडळात तिला सगळे वकिलीणबाईच म्हणत. दिसायला अशी की पडदा वर गेल्यावर तिने काही केलं नाही तरी चाललं असतं. पेटीवाली तेवढी मान खाली घालून पुढचा सूर शोधायची. कान तापलेले असायचे, पण केसांखाली होते म्हणून निभावत होतं.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, पण ती मनावर घ्यायची नाही असं तिने ठरवलं होतं. मंडळात लहानथोर सगळे तिला ‘ताई’ म्हणत. वकिलीणबाई म्हणत, तबलजी म्हणत, खुद्द बाईसुद्धा म्हणत. डॉक्टर कधीच म्हणायचा नाही.

मग एका तालमीत राजपुत्राने राजवाड्याची अख्खी भिंत पाडली. पुठ्ठ्याचीच होती, पण रंग ओला होता. हिरवा खांदा घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरला बाईंनी निक्षून सांगितलं, “एक तर डोळ्यांत लेन्स घाल, नाहीतर मी दुसरा राजपुत्र बघते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात हजर झाला.

“घोड्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालता ना तुम्ही?” तिने लेन्स बोटावर घेत विचारलं.

“घोड्याच्या. माझ्या डोळ्यात नाही.”

“वर बघा.”

तो वर बघायचा, बोट जवळ आलं की डोळे घट्ट मिटून घ्यायचा आणि खुर्चीसकट मागे सरकायचा. सरकत सरकत एकदा पार फ्रेमच्या कपाटाला जाऊन टेकला.

“अगं, त्याला श्वास तरी घेऊ दे,” मागच्या खोलीतून तिचे बाबा म्हणाले. ते तिथे काचा घासत बसलेले असत.

“श्वास घेऊ नका असं मी कुठे म्हणाले?”

“तसं नाही,” डॉक्टर पुटपुटला. “पण तुम्ही इतक्या जवळ आलात की... विसरायला होतं.”

तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि दुसरी लेन्स काढली.

बरेच दिवस हे चाललं. तो कधी गोठ्यातून थेट यायचा, अंगाला औषधाचा वास. दहा वेळा हात धुवायला लावल्याशिवाय ती त्याला डोळ्याला बोट लावू देत नसे. शेवटी एका दुपारी दोन्ही लेन्स बसल्या. त्याने डोळ्यांची उघडझाप केली, दारातून रस्त्यावर बघितलं, समोरच्या दुकानाची पाटी वाचली. मग वळून तिच्याकडे बघितलं. बघतच राहिला.

“टोचतंय का?”

“नाही. मध्ये काच नाही ना आता, म्हणून बघतोय.”

त्या दिवसापासून नाटकाने जीव धरला. राजपुत्र ऐटीत राजवाड्याचा जिना उतरला, कुठेही न धडपडता. प्रेमाच्या पदाला तो नायिकेसमोर उभा राहिला, थेट तिच्या डोळ्यांत बघून गायला. बाईंनी पदराने डोळे टिपले. “काय जोडी शोभतेय!” तबलजी कुजबुजला.

शोभत होतीच. तिने स्वतःशी तसं कबूलही केलं. आपणच त्याला डोळे दिले, आता तो जे बघण्यासारखं आहे ते बघतोय, यात त्याचं काय चुकलं? मान डावीकडे वळायची ती दिसत नव्हतं म्हणून. आता दिसतंय. संपला विषय.

विषय संपला, पण हात ऐकेनात. पद पळायला लागलं.

“ताई, जरा सावकाश,” वकिलीणबाई धापा टाकत म्हणाल्या. “तुम्हाला गाडी पकडायचीये का?”

प्रयोग तोंडावर आला तेव्हा डॉक्टर डोळे दाखवायला आला. तिने त्याला तपासणीच्या यंत्रासमोर बसवलं.

“हनुवटी टेकवा. हलू नका, बोलू नका.” ती पलीकडून भिंगातून बघू लागली. “डोळा लाल झालाय. किती वेळ घालता लेन्स?”

“बोलू?”

“बोला.”

“घालाव्याच लागतात. नाहीतर वकिलीणबाई कुठे उभ्या आहेत तेच कळत नाही.”

“आता छान दिसत असतील.”

“खूपच छान दिसतात. तोच घोटाळा झालाय.”

“म्हणजे?”

“आधी समोर नुसता निळा ढग असायचा. ढगाच्या जागी कुणालाही उभं करता येतं. मी करायचो. आता वकिलीणबाईच दिसतात, अगदी कानातल्यांसकट. त्यामुळे मला अभिनय करावा लागतो. आधी करावा लागत नव्हता.”

यंत्राच्या चाकावरचा तिचा हात जागीच राहिला. भिंगातून त्याचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता, आणि तो अजिबात मिटत नव्हता.

“कुणाला उभं करायचात?” तिने विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवला होता.

“तुला. आणि मान वळायची ती सुरांमुळे नव्हे. बाईंना काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून ते सांगितलं.”

मागच्या खोलीतलं काचा घासायचं मशीन केव्हाचं बंद पडलं होतं. तिच्या ते आत्ता लक्षात आलं.

“प्रयोग होऊ दे,” ती म्हणाली.

“म्हणजे नाही?”

“म्हणजे प्रयोग होऊ दे. आत्ता मी काही बोलले तर तुम्ही पदं विसराल आणि मी ताल. बाई दोघांनाही सोडणार नाहीत.” तिने दिवा बंद केला. “आणि लेन्स काढून ठेवा आजच्या दिवस.”

प्रयोग रविवारी दुपारी झाला. हॉल भरला, जिन्यातही माणसं उभी राहिली. पडदा उघडायच्या आधी वकिलीणबाई तोंडाला रंग लावून पेटीपाशी आल्या आणि तिच्या कानाशी लागल्या. “ताई, एक सांगू? लोकांना वाटतं तो माझ्याकडे बघून विरघळतो. गाताना मध्ये मध्ये तो काय पुटपुटतो, माहितीये? ‘दोन पावलं, वळ, हात धर.’ मला चांगलं ऐकू येतं.”

तिला हसू आवरेना. पहिला सूर तिने हसतच धरला.

त्या दुपारी तिने पद पळवलं नाही. तो नायिकेसमोर उभा राहून गायला, एकदाही खाली न बघता, आणि तिने त्याला हवा तेवढा श्वास घेऊ दिला. एरवी वाजवताना ती पट्ट्यांवरून नजर काढत नसे. आज तिने मान वर केली आणि अख्खं पद त्याच्याकडे बघत वाजवलं. लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी तिला जास्त आवडलं.

टाळ्या झाल्या, हारतुरे झाले, सगळ्यांचे फोटो झाले. मग सामान हलवायची वेळ आली. पेटी जड, जिना अरुंद. डॉक्टरने खालची बाजू धरली, तिने वरची. तो उलट्या पावलांनी उतरू लागला. गालावर अजून राजपुत्राचा रंग होता आणि डोळ्यांवर चष्मा.

अर्ध्या जिन्यात ती म्हणाली, “हो.”

“हो काय? पायरी संपली?”

“पायरी नाही संपली. हो म्हणजे... हो.”

तो थांबला. पेटी दोघांच्या मध्ये, चारही हात अडकलेले. चष्मा नाकावरून घसरत होता, तो वर सारायलाही त्याच्याकडे बोट नव्हतं.

“हे आत्ता सांगायचं? हात मोकळे नसताना?”

“हात मोकळे असते तर मला बोलता आलं नसतं.”

तो नुसता बघत राहिला, आणि रंग लावलेल्या गालांखालून खरा रंग चढत गेला.

“मध्येच काय थांबलात?” वरून बाईंचा आवाज आला. “मागे माणसं खोळंबलीत!”

“चल,” ती त्याला म्हणाली. “हळू उतर. मी धरलंय.”